रेचलबाईचं माहेर

आखातातल्या फुजैराच्या तेल टर्मिनलचा अमेरिकन मॅनेजर हॅडली. पण १९९९ साली त्याला जहाजांपेक्षा जास्त काळजी होती ती रेचल प्रेस्कॉटच्या माहेराची. ही त्याची खापरपणजी, दीडशे वर्षांपूर्वी बैलगाडीतून अमेरिकेच्या रानात शिरलेली. तिचा बाप सापडला की साहेबाला तिकडच्या जुन्या घराण्यांच्या कुठल्याशा मानाच्या मंडळात प्रवेश! आणि झेरॉक्सचे गठ्ठे उपसायचे कुणी? टायपिस्ट गिरिजाने. "शोधून दे, व्हिसा रिन्यू करतो," म्हणाला. तिचा नवरा सूर्यकांत घरी बसलेला, संसार तिच्या व्हिसावर. नाही म्हणायची सोय होती कुठे?

आठ महिने डोळे फोडल्यावर एका चर्चच्या नोंदवहीत रेचलच्या नवऱ्याचं, प्रेस्कॉटचं, लग्न सापडलं. वधू टॅबिथा, बापाच्या नावासकट. गिरिजाला हायसं वाटलं. माहेरची टॅबिथा, सासरची रेचल. लग्नात नाव बदललं, त्यात काय मोठंसं! तिने वंशवृक्ष टाइप केला, साहेबाने सही ठोकली आणि सगळ्या ऑफिसला केक वाटला.

मंडळाचं उत्तर आलं. टॅबिथा पहिल्याच बाळंतपणात वारली होती. रेचल ही दुसरी बायको, तिच्या माहेराचा पत्ता नाही.

"बाईचं स्वतःचं नाव कोण बदलतं?" साहेब सगळ्यांदेखत ओरडला.

"आमच्याकडे बदलतात, सर. मी लग्नाआधी हेमा होते."

झालं! हाताने धोंडा पाडून घेतला पायावर. त्याने फाइल मागवली. पासपोर्ट गिरिजाचा, बी.कॉम.चं सर्टिफिकेट हेमाचं. सात वर्षं कुणी पाहिलं नव्हतं.

"सर, लग्नाचा दाखला मागवते."

"तुझ्या भरवशावर एकदा तोंडघशी पडलो, पुरे. रिन्यूअल नाही. खलास."

घरी सूर्यकांत तिच्यावरच उखडला. "नसता शहाणपणा! तोंड कशाला उघडलंस?"

"तुम्ही माझं नाव कशाला बदललंत?" बारा वर्षांत तिने हे पहिल्यांदाच विचारलं. चांगल्या हेमाची गिरिजा का केली, ते तिला तोवर कुणी सांगितलंही नव्हतं.

"आमच्या भांडीवालीचं नाव हेमा होतं. आई म्हणाली, एका घरात दोन हेमा नकोत."

"मग तिचं बदलायचं!"

"तिचं कसं बदलणार?" सूर्यकांतला खरंच नवल वाटलं. "ती जुनी होती."