डोंगा येईल म्हणून घेतलेली खोली

मी आचलची सायकल बोलतेय. लोखंडाला कसली शरम, असं तुम्ही म्हणाल. पण ज्याच्या पाठीवर माणूस रोज बसतो, त्याला त्या माणसाचं सगळंच लागतं बापा. घाम लागतो तशी शरमही लागते. यंदाच्या पावसाळ्यात ती मला अशी लागली की कितीही पुसा, निघत नाही.

मूल गावच्या एका दुकानात माझे सुटे भाग जोडले गेले. बाजूलाच धानाची गिरणी होती. तिचा कोंडा उडून माझ्या कोऱ्या सीटवर बसायचा आणि दुकानदार दिवसभर फडकं मारायचा. एका बाजाराच्या दिवशी मासोळ्या विकून आचलचे बाबा, मनसारामभाऊ, दुकानात आले. त्यांनी माझी चाकं अशी दाबून पाहिली, जशी मासोळी ताजी आहे का पाहतात. म्हणाले, "हेच द्या. पोरगी शाळेत जाईल."

त्यांचं गाव वैनगंगेच्या काठी, गडचिरोलीच्या अंगाला. ढिवराचं घर. अंगणात जाळी वाळत घातलेली, भिंतीला वल्ही टेकवलेली. त्या गावची एक रीत आधी सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यामुळेच घडलं. उन्हाळ्यात नदी आटली की सगळे वाळूतून पल्याड जातात. मृग लागला की डोंग्याला डांबर फासतात, नारळ फोडतात आणि डोंगा पाण्यात लोटतात. कोणी कोणाला विचारत नाही, की यंदा डोंगा लागणार का. सूर्य उगवणार का, असं कोणी विचारतं का? तसंच ते. वल्हं पाळीपाळीने घरोघर जातं, आणि मनसारामभाऊंची पाळी असली की मी डोंग्यात उभी, आचल माझं हँडल धरून उभी, आणि भाऊ गाणं म्हणत वल्हं मारणारे, काठ आला की वल्ह्याने टोचून तळ पाहणारे. किती पावसाळे मी अशी नदी ओलांडली!

आचल मोठी झाली ती माझ्यावरच. शाळेत जाणं तर होतंच, पण तिचा खरा जीव सुट्टीच्या दिवशीच्या वाटेत. बांधावरून, पांदणीतून, मोहाच्या झाडांखालून ती मला पिटाळत न्यायची. काटा घुसला की खाली बसून थुंकी लावून शोधायची. आई ओरडायची, "काय वो, पोरगी हायस का हरीण?"

पुढे ती नर्सचं शिकली आणि चंद्रपूरच्या एका खासगी दवाखान्यात कामाला लागली. पहिले काही महिने तपासणीचे होते. नीट काम केलं तर पक्की, नाहीतर घरी. पाळी पहाटेची. तेव्हा ना बस ना ऑटो. म्हणून मला एसटीच्या टपावर चढवून चंद्रपूरला आणलं. ऐन वैशाखात बापलेक खोली शोधायला निघाले. मी मधात, दोघांच्या हातांत.

पहिली खोली दवाखान्याच्या मागच्या गल्लीत होती. काम जवळ, पण जिना असा की मला वर नेता येईना. घरमालकीण म्हणाली, "सायकल नालीजवळ ठेवा, साखळी लावा." आचलने वर आभाळाकडे पाहिलं, तर तिथे नुसत्या तारा. दुसरी खोली मोठ्या रस्त्यावर. तिथून कोळशाचे ट्रक असे धडधडत जात की बोलणं ऐकू येईना. आचल बापाला म्हणाली, "बाबा, मले कामावर जायले वाट पाह्यजे आणि सुट्टीले फिरायलेबी वाट पाह्यजे. नाई त मी या शहरात कोंडून मरीन."

तिसरी खोली गुणवंतरावांची. नदीच्या पल्याड. मागे लागूनच झुडपी जंगल, त्यात शिरणारी लाल मातीची पायवाट. पुढे इरई नदी, आणि नदीच्या अल्याडच्या काठावर शहर. नदी कोरडी. मधात एक बारीक धार, तिच्यावर कोणीतरी मुरमाची पोती टाकलेली. माणसं, बकऱ्या, सायकली सगळं पोत्यांवरून शहराच्या काठी येत होतं. आचलने मला त्या पायवाटेवर एक चक्कर मारून आणली. चारोळीच्या झाडाखालून परत आली तेव्हा तिचे गाल लाल झाले होते. मलाही बरं वाटलं. खोटं का बोलू.

गुणवंतराव भले माणूस. ते म्हणाले, "खोली तुमची समजा. जंगलाकडून सांज व्हायच्या आधी परत येजो पोरी, मोठा फिरते तिकडे, वाघ. आणि भाऊ, पावसाळ्यात मात्र ही नदी..."

मनसारामभाऊंनी हात वर केला. "नदीचं मले सांगू नका गुणवंतराव. माह्या आज्याचा जन्म डोंग्यात झाला. नदी भरंल, डोंगा लागंल, पोरगी पाच मिनटात दवाखान्यात. पुलावरून कोणता येडा जाते?"

गुणवंतरावांनी खोलीची किल्ली काढून दिली. नदीकाठच्या माणसाला आपण काय नदी शिकवायची, असं त्यांच्या तोंडावर दिसत होतं. त्यांना वाटलं, याचा काही बेत असेल. आचलला वाटलं, बाबा म्हणतात म्हणजे असेलच. आणि भाऊंना वाटलं, नदी म्हटली की डोंगा आलाच. असे तिघंही भले आणि तिघंही गप्प.

उन्हाळा मजेत गेला. पहाटे पोत्यांवरून मी खडखड करत नदी उतरायची. सुट्टीला पायवाट. मग मृग आला, आर्द्रा आल्या, आणि एका पहाटे आम्ही काठाशी आलो तर पोती नाहीत. लाल पाणी, दोन्ही काठ भरून. आचल काठाने वर गेली, खाली गेली. एक म्हातारी शेळ्यांना पाला तोडत होती. आचलने विचारलं, "आजी, डोंगा कुठून सुटते?"

म्हातारीने तिच्याकडे अशी नजर टाकली जशी वेड्या माणसाकडे टाकतात. "अवं, शहरात कोणता डोंगा? पुलावरनं जाय."

पूल लांब होता, आणि पुलाचा रस्ता म्हणजे तोच, कोळशाच्या ट्रकांचा. त्या दिवसापासून आचल अंधारातच निघायची. ट्रक बाजूने गेला की काळ्या चिखलाची चादर अंगावर. दवाखान्याच्या दारात सगळ्यांच्या चकचकीत स्कुट्या उभ्या, आणि त्यांच्या मधात मी, चाकापासून घंटीपर्यंत काळी. मुख्य नर्स गिरजाबाई दारातच म्हणायच्या, "काय वो आचल, पाळीवर आली का खाणीतून सुटली?" बाकीच्या हसायच्या. आचल खाली मान घालून नळावर जायची, पाय धुवायची, आणि तोवर घड्याळ पुढे सरकलेलं असायचं.

एकदा मी घसरले. पुलाच्या तोंडाशी. आचलचा गुडघा फुटला. मागच्या ट्रकाने ब्रेक दाबला नसता तर आज मी बोलत नसते. त्या दिवशी गिरजाबाई चिडल्या नाहीत. आचलला बाजूला घेऊन हळूच बोलल्या, आणि ते जास्त लागलं. "पोरी, काम तुह्यं चांगलं हाय. पण साहेबाच्या डोळ्यात आलं हाय आता. अजून एकडाव उशीर झाला त मी काही नाई करू शकत."

संध्याकाळी बापाचा फोन आला.

"काय वो माय, पाणी लय हाय म्हणते तिकडे. डोंगा बरोबर चालू हाय न?"

आचलने गुडघ्यावरची पट्टी दाबून धरली. "चालू हाय बाबा."

"कोण चालवते? चांगला हाय का माणूस?"

"चांगला हाय."

"पाह्य! मी म्हटलं होतं का नाई?"

ती हसली. फोन ठेवून भिंतीकडे तोंड करून बसली. मी दाराशी उभी होते. तिच्याशी बोलता आलं असतं तर बोलले असते, पण काय बोलले असते देव जाणे. बापाची फजिती होऊ नये म्हणून पोरगी जिवावर उदार झाली होती, आणि त्या जिवाखाली मी होते.

आषाढ सरता सरता मनसारामभाऊ न सांगता आले. सरळ दवाखान्यात. आचल आत कामावर. भाऊंनी चौकीदाराला म्हटलं, "माह्या पोरीची सायकल हाय, नेतो अन् आणतो," आणि मला घेऊन नदीवर निघाले. पिशवीत सुक्या झिंग्यांची पुडी होती. माझ्याशीच बोलत होते, घरच्या गुरांशी बोलावं तसं. "त्या डोंगेवाल्याले भेटतो. आपलाच माणूस असंल. म्हणतो, भाऊ, तू माह्यी पोरगी नेतो रोज, तुह्या घरी माह्याकडून हे झिंगे."

काठावर पत्रू नावाचा माणूस गळ टाकून बसला होता. भाऊंनी मला बाभळीला टेकवलं.

"रामराम गा. डोंगा कुठी लागते इथी?"

"कोणता डोंगा?"

"पल्याड नेते तो."

पत्रू खो खो हसला. "डोंगा काऊन भाऊ, जहाज मांगवू का? पल्याड जायले पूल हाय न गा. म्या जन्मात इथी डोंगा नाई पाह्यला."

"माह्यी पोरगी रोज जाते डोंग्यानं. दवाखान्यात हाय ते."

पत्रूचं हसू थांबलं. त्याने माझ्याकडे पाहिलं. माझी वाकलेली घंटी त्याने ओळखली. "या सायकलवाली का? ते त पुलावरून जाते, ट्रकाच्या मधातून. पडली होती न मागं. आमीच उचललं." मग भाऊंचा चेहरा पाहून हळूच म्हणाला, "तुमाले नाई सांगतलं का?"

मनसारामभाऊ काठावर बसले. पाण्याकडे पाहत नव्हते. ज्या माणसाला मी कधी पाण्याकडे पाठ केलेला पाहिला नाही, तो नदीला पाठ देऊन बसला. पत्रूने विडी पुढे केली, ती घेतली नाही. झिंग्यांची पुडी पिशवीत खाली, कपड्यांच्या खाली कोंबली. जसं काही चोरीचं होतं.

पाळी संपवून आचल बाहेर आली तर बाप माझ्याजवळ उभा. माझ्या चाकांना नदीचा लाल गाळ. तिने गाळ पाहिला आणि तिला सगळं कळलं.

"तू काऊन नाई सांगतलं?" भाऊ म्हणाले.

"तुमी शरमिंदे व्हाल म्हून."

"आता नाई झालो का?"

चौकीदार, येणारेजाणारे, गिरजाबाई सगळ्यांच्या देखत बापलेक उभे राहिले, आणि दोघंही माझ्या हँडलकडे पाहत होते.

दुसऱ्या दिवशी पुन्हा खोली शोधणं. या वेळी भर पावसात. आचल प्रत्येक खोलीपासून दवाखान्यापर्यंत स्वतः मला चालवून पाहायची, मग मागची बाजू पाहायची. भाऊ मागून चालत. डोक्यावर प्लास्टिकचं पोतं. कोणी घरमालक म्हणाला, "भाऊ, तुम्ही सांगा," की ते म्हणत, "पोरीले इचारा. माह्यं काही खरं नाई." हे वाक्य त्यांनी इतक्या लोकांसमोर म्हटलं की मला वाटलं, माझी साखळी तुटावी आणि आम्ही तिथेच थांबावं.

खोली मिळाली. नदीच्या शहराकडच्या काठाला, शहर संपतं तिथे. कामावर जायला सरळ, शांत रस्ता. मागे झुडपी जंगलाची एक पायवाट, पहिलीइतकी सुंदर नाही, पण आहे. गुणवंतरावांनी स्वतः सामान पोचवलं आणि जाताना म्हणाले, "मी पुरं बोललो असतो त..." आचल म्हणाली, "आमीच बोलू नाई दिलं काका." भाऊ दुपारच्या गाडीने निघाले. जेवले नाहीत. गाडी सुटेपर्यंत खिडकीतून बाहेर पाहिलं नाही.

आता आचल वेळेवर पोचते. पक्की झाली. मी धुतलेली असते, स्कुट्यांच्या रांगेत उभी राहायला मला लाज नाही. पण मनसारामभाऊ तेव्हापासून चंद्रपूरला आले नाहीत. फोनवर म्हणतात, जाळं फाटलं आहे, धान निंदायचं आहे. आचलने विचारलं, "बाबा, दाराकडून पाणी येते पावसात, ओटा कोणीकडून बांधू?" तर म्हणाले, "तूच पाह्य माय." गावात कोणी विचारलं, की शहरातली नदी कशी आहे, तर म्हणे उठून जातात.

म्हणून तुम्हाला सांगते. तुमच्यापैकी कोणी वैनगंगेच्या काठी गेलं, मनसारामभाऊ भेटले, तर त्यांना माझा एवढा निरोप द्या. आमच्या या नव्या पायवाटेवर पावसाने डबकी साचतात. तुमची पोरगी प्रत्येक डबक्याशी उतरते, काडी तोडते, आधी कडेला टोचते, मग मधात. पाणी किती, खाली चिखल की मुरूम, सगळं पाहते आणि मगच मला आत घालते. शहरातल्या पोरी तिला हसतात. ती कोणाकडून शिकली हे विचारलं तर सांगते, बाबाकडून, आणि मोठ्याने सांगते, बिलकुल लाजत नाही. भाऊ, एवढं ऐकायला तरी एकदा या.