म्हशीचं पोट

माझं तोंड फटकळ आहे हे सगळ्या टांकसाळीला माहीत आहे. चांदीच्या मोठ्या नाण्यांच्या प्रेसवर मी एकोणीस वर्षं आहे, आणि नाणं फसलं असेल तर साहेबांच्या तोंडावर सांगते. एकदाच गप्प बसले, आणि तेही स्वतःच्या घरात.

माझी धाकटी नणंद आमच्याच टांकसाळीत नाण्यांवरची चित्रं घडवते. घरात सगळे तिला मुंगी म्हणतात, कारण कामाला बसली की मान वर करत नाही. सात वर्षांत तिचं एकही चित्र नाण्यावर चढलं नव्हतं. दर वेळी कुणाचं तरी जहाज नाहीतर घुबड पुढे जायचं. या वर्षी किलोच्या नाण्यासाठी तिची म्हैस निवडली गेली. किलोचं नाणं म्हणजे छोट्या बशीएवढं, बोटाएवढं जाड. त्यावर नदीतून बाहेर येणारी म्हैस, शिंगं मागे, पोट टम्म.

प्लास्टरचा नमुना तिने कौतुकाने घरी आणला आणि जेवणाच्या टेबलावर ठेवला. सासूबाई चष्मा लावून म्हणाल्या, "अगं बाई, ही तर आत्ता शेपटी हलवेल!" नवरा फोटो काढत सुटला. एरवी चिमणीसारखं जेवणारी मुंगी दुसऱ्यांदा वाढून घेत होती.

मी म्हशीच्या पोटावरून हात फिरवला आणि लगेच कळलं. पोटाची उंची फार होती. नाण्याच्या दुसऱ्या बाजूला दरवर्षीचं दीपगृह असतं, तेही मधोमध आणि तेही जाडजूड. प्रेसचा ठोका बसला की चांदी वरच्या-खालच्या दोन्ही पोलादी ठशांच्या खोलगट भागांत शिरते. पण दोन मोठे खड्डे समोरासमोर आले की मधली चांदी दोघांना पुरत नाही. दीपगृह भरलं की म्हैस उपाशी.

"वहिनी, तू काहीच बोलली नाहीस. कशी झालीय?"

"झकास," मी म्हणाले. खरं बोलले असते तर जीभ झडली असती का माझी?

कॉम्प्युटर सगळं तपासतो, त्यात निघेलच, असं मी मनाला समजावलं. कॉम्प्युटरने पास केलं. त्या मेल्याने कधी ठोका मारलाय! मग पाच आठवडे खपून पोलादाचा ठसा तयार झाला, मुंगीने तो हिऱ्याच्या भुकटीच्या लेपाने आरशासारखा घासला आणि चाचणी माझ्याच प्रेसवर आली.

पहिला ठोका. चांदीची चकती भट्टीत तापवून मऊ केली. दुसरा ठोका. परत भट्टी, मग तिसरा. शिंगं लख्ख, डोळा लख्ख, पाण्याचे थेंबसुद्धा मोजून घ्यावेत असे. पोटावर मात्र रुपयाएवढा निस्तेज, सपाट डाग.

"वहिनी, दाब वाढव ना थोडा."

ठसा तडकायची भीती होती, तरी हद्दीपर्यंत वाढवला. आणखी चार चकत्या मारल्या. चारही वेळा तोच डाग.

साहेबांनी भिंग खाली ठेवलं. "पुढच्या महिन्यात विक्री आहे. नव्या ठशाला पाच आठवडे लागतात. जहाजाचा ठसा तयार आहे, तो चढवा." आणि गेलेसुद्धा.

मुंगी मऊ कापडाने ठसा पुसत राहिली. आता तो पुसून काय उपयोग होता? मला राहवेना.

"मला हे आधीच कळलं होतं," मी म्हणाले. "घरी, हात फिरवला तेव्हाच."

तिचा हात थांबला. "मग बोलली का नाहीस?"

"तू इतकी खुशीत होतीस गं. सगळं घर खुशीत होतं. माझ्याच्याने झालं नाही."

"आख्ख्या दुनियेला फाडफाड बोलतेस, वहिनी!" ती ओरडली. पलीकडच्या प्रेसवरची माणसं वळून बघायला लागली, तशी तिने आवाज खाली आणला. "त्या दिवशी बोलली असतीस ना, तर मी रात्रभर रडले असते. तुला शिव्या घातल्या असत्या. आणि सकाळी उठून म्हशीला पाण्यात बसवली असती. पोट पाण्याखाली, वर नुसती पाठ आणि डोकं. एका दिवसाचं काम होतं गं."

मी खाली वाकून म्हशीच्या ठशाचे बोल्ट सैल करायला लागले.