रंगुबाईच्या गळ्यातली वीणा

या माउली, जरा पुढं सरकून बसा. टाळ घडीभर मांडीवर ठेवा. डोंगरातल्या एका सप्त्याची गोष्ट सांगायचीय.

नगर शहर तिथून जवळच, पण मधे घाट. वाडी म्हणजे उतारावरची मूठभर घरं. सकाळी दूधवाले, फुलवाले, एमआयडीसीतली पोरं खाली उतरली की वर म्हातारी माणसं आणि शेरडं उरायची. तशात अखंड हरिनामाचा सप्ता बसलेला. सप्त्यात वीणा भुईला टेकवायची नाही. एकाच्या गळ्यातून काढायची ती दुसऱ्याच्या गळ्यात घालायची.

वीणा गळ्यात घेऊन नाम घ्यायचा दुपारचा पहारा भागवतचा. तो कधीच संपला, तरी पुढच्या पहाऱ्याच्या कल्याणचा पत्ता नव्हता. भागवतच्या तोंडी रामकृष्णहरी, पण डोळे घाटाच्या वळणावर. पाय एका जागी ठरेनात. लेक मोनिका सकाळपासून शहरातल्या दवाखान्यात बाळंतपणाला अडली होती.

खिशातला मोबाईल थरथरला. दोन्ही हात वीणेला. मंडपात वाती वळत बसलेल्या चुलतीनं, रंगुबाईनं, तो काढून त्याच्या कानाला लावला. पलीकडं बायको पंकजा रडत होती.

"अवो, आपरेशन करायचं म्हनत्यात. रक्त लागंल, तिच्या गटाचं मिळंना. तुमचा तोच गट हाय. हाय तसं निघा!"

भागवतनं मंडपभर नजर फिरवली. मंडपात दुसरा गडी नव्हता, आणि या वाडीत बाईच्या गळ्यात वीणा कधी पडली नव्हती.

"काकू, कल्याण्या दिसतोय का बघ की!"

"कितीदा बघू? त्याच्या फटफटीनं पुन्हा अंग टाकलं आसंल." रंगुबाईनं हात धुतले, पदर खोचला. "आन हिकडं."

"लोक काय म्हनतील?"

"लोक हायत कुठं? शेरडं हायत, ती काय न्हाई म्हनत."

"पन देवाला..."

"देवाला मी सांगते. त्याचं माझं रोजचं बोलनं हाय. तू जा, पोरीला रक्त दे."

वीणा तिच्या गळ्यात गेली. रीतीप्रमाणं दोघं एकमेकांच्या पाया पडली, आणि भागवत पळाला.

त्याची गाडी घाट उतरत होती, आणि मंडपावरच्या भोंग्यातून रंगुबाईचा चिरका आवाज सगळ्या दरीत घुमत होता. आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. वळणावर कल्याण बंद पडलेली गाडी ढकलत येताना भेटला.

"आरं, भोंग्यावर बाई कशी?"

"काकू हाय. पळ वर! आन वीणा हिसकावू नको. ती देईल तवा घे."

रक्त वेळेवर पोचलं. मोनिका वाचली, तिची लेकही. वाडीत मात्र बाईनं वीणा घेतली यावरून भांडणं लागली, ती अजून मिटली नाहीत. म्हणून एवढीच विनवणी: तुमच्या गावच्या सप्त्यात वीणेकऱ्याच्या पाया पडाल, तेव्हा रंगुबाईची आठवण असू द्या.