स्टेफाने केलेली दाढी

मी ओरेस्टचा रेझर बोलतोय. ब्लेड बदलून वापरायचा, जुन्या वळणाचा. कॅनडातल्या सस्काटून शहरातल्या या घरात माझ्या मुठीवर लाल नेलपॉलिशचा ठिपका होता. ठिपका म्हणजे, याला कुणी हात लावायचा नाही. गुन्हा काही नसताना मी वर्षानुवर्षं वेगळ्या डब्यात काढली.

ओरेस्ट आणि त्याचा थोरला भाऊ पाव्लो, दोघांनाही जन्मापासून हिमोफिलिया. रक्त लवकर गोठत नाही. जरा आपटलं की सांध्यात रक्त उतरतं, गुडघा टम्म सुजतो. मग त्यावर औषध आलं, हजारो लोकांच्या रक्तापासून बनवलेलं. केवढा आनंद! दोघे भाऊ स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून एकमेकांना इंजेक्शन द्यायचे आणि हॉकी बघायला पळायचे. त्याच औषधातून विषाणू घरात शिरले. पाव्लोला एचआयव्हीने नेलं. ओरेस्टच्या वाट्याला हेपटायटिस सी आला.

तेव्हापासून त्याने स्वतःच्याच रक्ताचा धसका घेतला. साधं बोट कापलं, तरी बायकोवर, स्टेफावर ओरडायचा, "लांब हो! आधी हातमोजे घाल!" ती बिचारी दारातच थबकायची.

पुढे त्याची कोपरं आखडली, हात गालापर्यंत पोचेना. नर्स म्हणायची, दाढीचं विजेचं यंत्र घ्या. पण मी वडिलांनी दिलेला, त्यामुळे साहेबांनी मला सोडलं नाही. निम्मा गाल चकाचक, निम्म्यावर खुंट.

"दे इकडे, मी करते," स्टेफा म्हणायची. "चर्चमध्ये फादरसुद्धा तुझ्याकडे बघून हसू दाबतात."

"हसू देत. कापलं तर?"

"हातमोजे घालते की."

"नको म्हटलं ना!"

मला स्टेफाचंच वाईट वाटायचं. नवऱ्याचा गाल हातात घ्यायचा होता तिला, दुसरं काय?

मग हेपटायटिस सी बरा करणाऱ्या गोळ्या निघाल्या. ज्यांनी शोधल्या त्यांना माझा मनापासून नमस्कार. तीन महिन्यांचा कोर्स झाला, पुढच्या तपासणीत डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "विषाणू गेला." स्टेफाने त्या दिवशी बटाट्याचं सारण भरून एवढी वरेनिकी उकडली की शेजाऱ्यांनाही पुरली. ओरेस्ट मात्र दाढीनंतर बेसिन ब्लीचने घासतच राहिला. रक्तातला विषाणू गेला होता, डोक्यातला जात नव्हता.

ईस्टरच्या आदल्या सकाळी स्टेफाने त्याला खुर्चीत बसवलं. "ईस्टरच्या खाण्याची टोपली घेऊन चर्चमध्ये फादरांचा आशीर्वाद घ्यायला जायचंय. या अवतारात मी तुला नेणार नाही."

तिने मला उचललं. हात उघडेच! दोन्ही गाल छान झाले. हनुवटीपाशी ओरेस्ट हलला आणि मी कापलं.

"हातमोजे!" तो किंचाळला.

स्टेफाने उघडा अंगठा जखमेवर दाबून धरला. "हलू नकोस. अजून वाहील."

"तुला रक्त लागलं, स्टेफा!"

"लागू दे. तुझंच आहे ना?"

रक्त थांबायला बराच वेळ लागला. तेवढा वेळ ओरेस्ट तिच्या पोटाशी डोकं टेकून लहान मुलासारखा रडत होता. तिने अंगठा काढला नाही.

माणसाला कापल्याबद्दल कुठला रेझर देवाचे आभार मानेल? मी मानतो. आता माझ्यात नवं ब्लेड स्टेफाच घालते. तुम्हाला एकच विनंती आहे. आजारातून उठलेल्याला 'तू बरा झालास' एवढं नुसतं तोंडाने सांगू नका. त्याला हात लावा.