कारणाचा रकाना

“आठ वाजून चौदा मिनिटं,” हजेरीवाले भाऊ म्हणाले आणि लाल पेन्सिलीचं टोक त्यांनी जिभेला लावलं. “तिसरी लाल रेघ. काय करू सांगा, मावशी? घड्याळ काही माझ्या बापाचं नाही.”

गाठवालीला आधी श्वास घ्यायचा होता. एका हातात डब्याची पिशवी, दुसऱ्या हातात शेंडी. शेंडी म्हणजे तिची चार वर्षांची लेक. थोरल्याला मिसरूड फुटल्यावर हे शेंडेफळ झालं, म्हणून सगळे तिला शेंडीच म्हणत. धावताधावता शेंडीची एक चप्पल रस्त्यात राहिली होती आणि ती एका पायावर उभी राहून भाऊंच्या पेन्सिलीकडे मोठ्या आदराने बघत होती.

“घड्याळ तुमच्या बापाचं नाही, पण पोर माझी आहे,” गाठवाली म्हणाली. “बालवाडी नऊला उघडते. तोवर हिला कुलपाला बांधून येऊ का?”

“सांभाळायला कुणीतरी बघायचं ना.”

“कुणी? नाव सांगा. आत्ता जाऊन पाया पडते.”

भाऊ हसले, मग हसू आवरून त्यांनी रेघ ओढली. माणूस वाईट नव्हता. रेघ ओढताना त्यांनी पट्टी लावली नाही, हाताने ओढली, जरा वाकडी. तेवढीच त्यांची माया.

त्यांच्या डोक्यावर, फाटकाच्या कमानीला, भला मोठा फलक होता. ‘प्रादेशिक कौशल्य विकास केंद्र. कष्टकरी कुटुंबांसाठी.’ फलकावर आई, बाप आणि दोन मुलं हसत होती. बापाच्या खांद्यावर मुलगी. चौघांचीही झोप पुरी झालेली दिसत होती.

बावीस वर्षं ती मागावर होती. विणताना धागा तुटला की एका हाताने गाठ मारायची, दुसरा हात मागावरून काढायचा नाही, आणि कापड झाल्यावर ती गाठ कुणाला सापडायची नाही. म्हणून ती गाठवाली. मागघरात आवाज एवढा, की शेजारणीच्या कानाशी ओरडलं तरी शब्द पोचत नसे. बायका ओठांनी बोलायच्या. सासवांच्या चहाड्या ओठांवर, बाळंतपणाच्या बातम्या ओठांवर. गाणीसुद्धा. चार मागांच्या पलीकडे एखादी गात असली की ते गाणं ऐकू यायचं नाही, दिसायचं. मग एका दुपारी मागघर कायमचं बंद झालं. एकाएकी सगळं शांत झालं, आणि कितीजणींनी एकमेकींचा खरा आवाज त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला. कुणाचा घोगरा, कुणाचा किनरा. त्या तशाच बोलत, रडत घरी गेल्या.

पुढे या भागाच्या विकासाचा आराखडा आला. यंत्रांचे सुटे भाग करणारा मोठा कारखाना येणार, बंद पडलेल्या मागघरातल्या लोकांना लेथवर, म्हणजे लोखंड कातायच्या यंत्रावर, सहा महिने शिकवणार, शिकून झालं की कारखाना त्यांना घेणार. जागा चाळीस. वयाची अट पंचेचाळीस. गाठवालीला पंचेचाळीस पुरी व्हायला चार महिने होते. तिच्यासाठी ही एवढी एकच तुकडी होती, पुढची नाही.

आणि ती शिकली. पडद्यावरचे आकडे तिला सुरुवातीला मुंग्यांसारखे दिसले, पण लेथच्या अंगावर तळहात ठेवला की आत काय चाललंय ते तिला कळायचं. एकदा ती म्हणाली, “सर, हत्यार बोथट झालंय.” शिकवणारे सर म्हणाले, “पडद्यावर तर सगळं ठीक आहे.” चार मिनिटांनी पडदाही तेच म्हणाला. त्या दिवसापासून सर अवघड काम तिच्या लेथवर लावायचे.

पहिले तीन महिने शेजारची सून शेंडीला नऊला बालवाडीत सोडायची. मग त्या सुनेलाच काम लागलं. बालवाडीची झाडणारी बाई पोरीला लवकर आत घ्यायला लागली, तर तिलाच वरून दम आला. वर्कशॉपमध्ये मूल आणायला बंदी, आणि ती बंदी गाठवालीला पटतही होती. नवरा ट्रकवर, पंधरा-पंधरा दिवस बाहेर; थोरला पहाटेच कामावर जायचा. पोरीला ठेवायला दारं शोधण्यात सोमवारी पहिली रेघ. मंगळवारी दुसरी. आज बुधवार; दार मिळालं नाही म्हणून पोर सोबतच, आणि तिसऱ्या रेघेला नाव कमी.

“चला ऑफिसात,” भाऊ म्हणाले. “एक फॉर्म भरायचाय.”

फॉर्मवर नाव, पत्ता, तुकडी आणि खाली एक रकाना होता: प्रशिक्षण सोडण्याचं कारण. पुढे छापील चौकोन. आजारपण. स्थलांतर. नोकरी मिळाली. घरगुती अडचण.

“इथं बरोबरची खूण,” भाऊंनी ‘घरगुती अडचण’वर बोट ठेवलं, “आणि इथं सही.”

गाठवालीने चारही चौकोन वाचले. मग उलट वाचले.

“यात माझं कारण नाही.”

“हेच की. पोरीचं झालं नाही, म्हणजे घरगुतीच.”

“पोरीचं सगळं झालंय. न्हाऊनमाखून, वेणी घालून आणलीय. वर्गाची वेळ चुकीची आहे. तसा चौकोन कुठंय?”

मागावरच्या बाईचा आवाज मोठाच असतो. टायपिंग करणारे दोघं थांबले. भाऊ कानकोंडे झाले, “बसा जरा,” म्हणाले आणि फॉर्म घेऊन प्राचार्य मॅडमच्या केबिनमध्ये गेले. केबिन काचेची. दार लागलं तसा आतला आवाज तुटला.

शेंडी शिक्क्याच्या शाईच्या डबीशी खेळत बसली. गाठवालीची नजर काचेकडे होती.

भाऊंचे ओठ म्हणाले, “मॅडम, ऐकत नाही ती. ‘वेळ’ लिहा म्हणते.”

मॅडमचे ओठ म्हणाले, “उद्या समिती येतेय. वेळ लिहिलं तर जाब आपल्याला.”

“तीन तुकड्यांत अकरा बायका गेल्या. अकराही ‘घरगुती’च टाकल्यात.”

“मग हिचंही तेच टाका. गोड बोलून सही घ्या.”

गाठवाली बसल्या जागी ताठ झाली. अकरा. तिला वाटत होतं, आपल्यालाच जमलं नाही. गेले तीन दिवस डोक्यात तोच भुंगा होता, की दुसऱ्या बायका कशा करत असतील, त्यांची घरं कशी असतील. आता कळलं, त्या करत नव्हत्या. त्या एकेक करून या खुर्चीवर बसल्या होत्या आणि आपल्या घराला दोष देऊन घरी गेल्या होत्या.

तिने शेंडीला कडेवर घेतलं, दार ढकललं.

“मॅडम, गोड बोलायची गरज नाही. अकरा गेल्या, मी बारावी.”

मॅडमचा हात चष्म्यावर गेला. “तुम्ही दाराशी ऐकत होतात?”

“काचेतून ऐकू कुठं येतंय? दिसलं.”

भाऊंनी नकळत तोंडावर हात ठेवला.

मॅडमनी तिला बाहेर जायला सांगितलं नाही, ते त्यांचं मोठेपण. त्यांनी गाठवालीला खुर्ची दिली. “हे बघा, कारखान्याची सकाळची पाळी आठची असते. तिथं वेळेवर जायची सवय लागावी म्हणून वर्ग आठचा. यात कुणाचं वाईट चिंतलेलं नाही.”

“तिथं दुपारची पाळीही आहे. आणि पोरं ठेवायला खोली आहे, तुमच्याच पत्रकात छापलंय. मी वाचलंय ते. पल्याड सगळं आहे, मॅडम. मधला पूल तेवढा नाही.”

मॅडम खालच्या आवाजात म्हणाल्या, “समजा, तुमचं पटलं मला. तरी तुमची जागा वाचत नाही. तीन रेघांचा नियम वरचा आहे. आणि छापील कारण नसेल तर अर्ध्या प्रशिक्षणाचा दाखलाही निघत नाही. ‘घरगुती’वर सही करा, दाखला आत्ता हातात देते. कुठल्याही वर्कशॉपात मदतनीस म्हणून लागाल. स्वतःचं नुकसान कशाला करून घेता?”

हे मात्र खरं होतं. दाखला म्हणजे यंत्राजवळ उभं राहायची परवानगी. पडद्यापाशी नाही, पण यंत्राजवळ. गाठवालीच्या तळहाताला लेथची थरथर आठवली. सही तर करायची होती एक. आधीच्या अकराजणींनी केलीच होती, आणि त्या काही कमी शहाण्या नव्हत्या.

शेंडीने शाईचं बोट आईच्या गालाला पुसलं. तिने तो डाग तसाच राहू दिला.

“मॅडम, मी हे लिहून दिलं तर ते माझ्या घराला चिकटेल. उद्या तुमची समिती वाचेल, म्हणेल, या बायकांची घरंच धड नाहीत, त्यांना शिकवून काय उपयोग? माझं घर धड आहे. नवरा सरळ आहे, पोरगा कमावतो, ही वेळेवर उठते. अडचण घरात नाही. तुमचं घड्याळ आणि बालवाडीचं घड्याळ यांच्या मधे आहे. पेन द्या.”

“दाखला जाईल.”

“जाऊ दे. पेन द्या.”

तिने चारही छापील कारणांवरून एक आडवी रेघ मारली आणि शेजारच्या कोऱ्या जागेत लिहायला घेतलं. हात लिहिण्याला सरावलेला नव्हता, अक्षरं मोठी होत गेली, रकान्याबाहेर गेली.

‘वर्ग आठला. बालवाडी नऊला. मधला तास कुणाचा?’

खाली पूर्ण नावानिशी सही.

मॅडमनी तो कागद बराच वेळ धरून ठेवला. मग भाऊंकडे दिला. “आवक क्रमांक टाका.”

“मॅडम, क्रमांक पडला की हा वर जाणार. मग लपवता येत नाही.”

“ठाऊक आहे मला. टाका.”

शिक्का पडला तेव्हा पावणेनऊ झाले होते. गाठवाली शेंडीला घेऊन निघाली. वर्कशॉपच्या खिडकीजवळून जाताना तिच्या लेथवर दुसरंच कुणीतरी उभं होतं, हत्यार जरा जास्त दाबत होतं. सांगावंसं वाटलं. पण आता तिथे तिचं नाव नव्हतं. ती पुढे गेली.

त्या दुपारी नवऱ्याने फोनवर विचारलं, “म्हणजे जागाही गेली आणि कागदही नाही?”

“नाही.”

“मग मिळालं काय?”

“खरं लिहिलं.”

मागे त्याच्या ट्रकचं इंजिन घुरघुरत होतं. “बरं केलंस,” तो म्हणाला. “जेवलीस का?”

दाखल्याशिवाय यंत्राजवळ कुणी उभं करेना. पाच-सहा दारं झाली. शेवटी इस्पितळांच्या चादरी धुणाऱ्या एका धुलाईघरात घड्या घालायचं काम मिळालं. वेळ दहाची. पंचेचाळिसावं सरलं. चादरीचे चार कोपरे जुळवताना तिचे हात असे चालत, की बाकीच्या बायका नुसत्या बघत राहत. पण चादर काही थरथरत नाही, तळहाताला काही सांगत नाही.

पाऊण वर्ष गेलं. एका सकाळी ती शेंडीला बालवाडीत सोडून अरुंद बोळातून परतत होती. बोळाच्या भिंतीला नुकताच चुना दिला होता. समोरून एक तरुण बाई मुलाला जवळजवळ खेचत आली, ते मागे बालवाडीच्या दारात मदतनीस बाईंच्या हाती दिलं आणि तशीच उलट धावत सुटली. अंगावर वर्कशॉपचा निळा ॲप्रन.

“मावशी, जरा सरकता का? साडेनऊचा वर्ग आहे माझा.”

“लेथचा?”

“हो ना. पहिले आठला असायचा म्हणे!” ती जागच्या जागी पावलं नाचवत म्हणाली. “आठला! कशा जात असतील हो बायका?”

गाठवालीच्या ओठांवर काहीतरी आलं. तिने ते तिथेच थांबवलं.

“वळणावरून मागच्या गल्लीनं जा,” ती म्हणाली. “तिकडे रहदारी नसते. आणि धावू नकोस, पोचशील.”

तिने अंग चोरून भिंतीला पाठ टेकली. ती मुलगी तिच्या खांद्याला घासून पुढे निघून गेली. वळणावर निळा ॲप्रन दिसेनासा होईपर्यंत गाठवाली तशीच उभी राहिली, मग पिशवी सावरून चालू लागली.

त्या दिवशी धुलाईघरात एकीने तिला हटकलं, “अगं, पाठ बघ, सगळा चुना लागलाय.”

“असू दे,” ती म्हणाली आणि पुढची चादर उचलली.