तळमजल्यावर ऐकू येणारी बेल

सरका जरा जवळ, मंडळी. गोष्ट एका बहिणीची आहे आणि हळू आवाजातच सांगायची आहे, कारण जिची आहे तिने जन्मभर कधी चढ्या आवाजात काही मागितलं नाही. एवढी ऐका आणि मग आपापल्या कामाला लागा.

ताई डावा हात हलवत नव्हती. त्या हातात दोन सुया होत्या, दोन नळ्या होत्या, आणि तिचं रक्त शेजारच्या यंत्रात जाऊन, धुऊन, परत येत होतं. उजव्या हाताने ती खाटेच्या कठड्यावर ताल धरून होती. समोर पाण्याच्या बाटलीला टेकवून ठेवलेल्या फोनमध्ये एक निवृत्त पोस्टमन गात होते. गाता गाता त्यांचं तोंड उघडं राहिलं आणि तसंच गोठलं. मग सूर आला, पण तोवर ताल पुढे निघून गेला होता.

“समेवर या हो,” ताई म्हणाली.

“बाई, उशीर माझा नाही, लाइनचा आहे.”

“नोकरीभर लोकांना हेच ऐकवलंत वाटतं.”

पलीकडच्या खाटेवरचा गवंडी हसला. त्याच्याही हातात सुया होत्या, म्हणून तो नुसता पोटाने हसायचा. माझी भिंत सरळ येते, यांचा सूर येत नाही, यांना ओळंबा लावा, असं त्याचं दर खेपेचं म्हणणं.

ताईच्या पायाशी स्टुलावर तिचा धाकटा भाऊ बसला होता. त्याचं खरं नाव कागदोपत्रीच उरलेलं. घरीदारी सगळे त्याला खटपट्या म्हणत. लिफ्ट दुरुस्त करणं हा त्याचा पोटाचा धंदा, आणि बंद झाकण दिसलं की हात शिवशिवणं हा स्वभाव. आठ वर्षांचा असताना त्याने ताईची बाजाची पेटी उघडली होती. परत जोडताना चार स्क्रू उरले आणि एक पट्टी कायमची मुकी झाली. वडील घरी आले तेव्हा ताईने सांगितलं, माझ्या हातून पडली. मार तिने खाल्ला, आणि त्याने मागच्या दारात उभं राहून तो मोजला.

ताई गाणं शिकवायची. दोन्ही किडन्या गेल्यावर घरची शिकवणी बंद झाली, आणि आठवड्यातले तीन दिवस, चार-चार तास ती या खाटेवर अडकली. तेव्हा तिने फोनवरून शिकवायला घेतलं. कानात फोनची बोंडं घालायची, दबक्या आवाजात चूक सांगायची, हाताने ताल दाखवायचा. टाळीची मात्रा असेल तिथे कठड्यावर थाप, आणि खालीची असेल तिथे हात न वाजवता नुसता बाजूला उलटा करायचा. तिथे गप्प राहायचं, ती म्हणायची, पण मोजणं सोडायचं नाही. पण रुग्णालयाच्या जाड भिंतींत फोनचा डेटा असा रखडायचा की सातांपैकी पाच शिष्य कंटाळून गेले. मग यंत्रावरचे ते चार तास ती भिंतीकडे तोंड करून काढू लागली.

तिचं नाव किडनीच्या यादीत होतं. गवंड्याचंही होतं, रक्तगटही एकच, पण तो तिच्यानंतर आठ महिन्यांनी आलेला. “बाई, तुम्ही पुढे, मी मागे,” तो म्हणायचा. “जाताना दार तेवढं उघडं ठेवून जा.” यादीवाल्यांचा नियम साधा होता. किडनी मिळाली की फोन येणार, दोन तासांत हजर व्हायचं. फोन लागला नाही तर पुढचं नाव. त्यांच्याकडे दोन नंबर दिलेले होते, ताईचा आणि खटपट्याचा. तिचे यजमान, म्हणजे दाजी, रंगाच्या कारखान्यात होते, आणि तिथे फाटकावरच फोन जमा करावा लागे. म्हणून त्यांचा नंबर लिहिला नव्हता.

एका रविवारी खटपट्याने फोन हातात घेतले. आधी स्वतःचा, कारण बिघडला तर आपला बिघडावा एवढी अक्कल त्याला होती. फोन संगणकाला जोडला, बनवणाऱ्यांनी घातलेलं कुलूप काढलं, फोन रूट केला; म्हणजे मालकालाही जिथे जाऊ देत नाहीत तिथवर दार उघडलं. मागच्या बाजूला गुपचूप डेटा खाणारी वीसेक ॲप काढून टाकली. मग खरी मेख सापडली. रुग्णालयात फोन सारखा नव्या वेगवान जाळ्यावरून घसरून जुन्या, संथ जाळ्यावर जात होता. खटपट्याने तो घसरण्याचा रस्ताच बंद केला. नव्या जाळ्यावरच राहायचं, खाली उतरायचं नाही. वेग मोजणाऱ्या ॲपमध्ये आकडा नऊपट झाला. मग त्याने ताईच्या फोनलाही तेच केलं, आकडा पाहिला, आणि फोन तिच्या हातात दिला.

मंगळवारी पोस्टमन समेवर आले. एकदा आले, दोनदा आले, तिसऱ्यांदा आले तेव्हा स्वतःच दचकून थांबले. चेहरा इतका स्वच्छ दिसत होता की दाढी करताना राहिलेले चार केस मोजता यावेत. ताईने भावाकडे पाहिलं आणि मान डोलावली, नुसती डोलावली. पण तिच्या हाताखाली शिकलेल्या कुणालाही विचारा, त्या मान डोलावण्यासाठी माणसं वर्ष वर्ष घासत होती.

पुढच्या आठवड्याभरात गेलेले शिष्य परतले आणि दोन नवे आले. ताई भिंतीकडे तोंड करून झोपेनाशी झाली. परिचारिका काम नसतानाही त्या खाटेशी रेंगाळू लागल्या. देवाचं नाव गाण्यात येतं तेव्हा त्याला खोली कसली आहे हे दिसत नसावं, असं वाटण्यासारखे ते दिवस होते. गवंड्याने एकदा खटपट्याला विचारलं, लिफ्ट नीट झाली हे तुम्हाला कळतं कसं, आमच्यासारखा ओळंबा तर नाही.

“बेल वाजवून,” खटपट्या म्हणाला. “आत कोणी अडकलं तर दाबायची असते ती. एकाने आत दाबायची आणि दुसऱ्याने तळमजल्यावर उभं राहून ऐकायची. आत उभ्या असलेल्याला ती नेहमीच ऐकू येते. त्याला काय अर्थ नाही.”

“आणि ऐकू नाही आली तर?”

“तर लिफ्ट कितीही झकास चालू दे, सोडायची नाही.”

गवंडी म्हणाला, हे बरंय.

त्या रविवारपासून बाराव्या दिवशी, गुरुवारी, गवंड्याची खाट रिकामी होती. त्या खोलीत रिकामी खाट दिसली की कोणी विचारत नाही. सगळे आपापल्या यंत्राच्या आकड्यांकडे बघतात. ताईने फोनमधल्या पोस्टमनना थांबायला सांगितलं. तेवढ्यात दारातून एक बाई आली. हातात चपला, डोळे सुजलेले, आणि तोंडावर हसू. गवंड्याची बायको. ती कामावर जायची म्हणून इथे कधी दिसली नव्हती.

तिने सांगितलं ते असं. काल सकाळी फोन आला. दुपारी यांना आत घेतलं. किडनी बसली. शुद्धीवर आल्यावर पहिलं वाक्य बोलले ते हे की गाण्याच्या बाईंना सांगून ये.

ताईने विचारलं, “लघवी झाली का त्यांना?”

बाई लाजली. “पहाटेपासून पिशवी भरतेय.”

सगळी खोली हसली. ज्यांना वर्षानुवर्षं होत नाही त्यांनाच ठाऊक, यापेक्षा मोठी बातमी जगात नाही. हसून झाल्यावर बाई पदराने डोळे पुसत म्हणाली, “कोणीतरी यांच्या पुढे होतं म्हणे यादीत. दोन्ही नंबर लावले, तीन-तीनदा लावले, लागलेच नाहीत. कोण बिचारं असेल कोण जाणे. देव त्याला सांभाळो.”

खटपट्या उठला. परिचारिकांच्या टेबलाशी भिंतीवर तारेचा फोन होता. त्यावरून त्याने स्वतःचा नंबर फिरवला. त्याचा फोन त्याच्या दुसऱ्या हातात होता. रेंजच्या कांड्या पूर्ण, वेग झकास. कानात एक गोड आवाज म्हणाला, आपण संपर्क करू इच्छिता ती व्यक्ती संपर्क क्षेत्राच्या बाहेर आहे. त्याने ताईचा नंबर लावला. तिथून त्याला ताईची खाट दिसत होती, बाटलीला टेकलेला फोन दिसत होता, आणि त्यात पोस्टमन चष्मा पुसताना दिसत होते, अगदी स्वच्छ. गोड आवाजाने तेच सांगितलं.

त्या फोनांत गाणं नव्या जाळ्यावरून येत होतं आणि साधा कॉल जुन्यावरून. जुन्याचा रस्ता त्याने आपल्या हाताने बंद केला होता. बारा दिवस त्याला कुणाचा साधा फोन आला नाही, हे त्याच्या ध्यानात आलं नव्हतं. कामाचे फोन कंपनीच्या हँडसेटवर यायचे, तो संध्याकाळी जमा व्हायचा. बाकी माणसं निरोप टाकत, आणि निरोप तर झरझर येत होते.

तो परत येऊन स्टुलावर बसला. गवंड्याची बायको गेली होती. ताईने कानातली बोंडं काढली होती.

“वाजला नाही ना?” तिने विचारलं.

त्याने मान हलवली.

तिने यंत्रातल्या फिरणाऱ्या चाकाकडे पाहिलं. मग म्हणाली, “पाय गार पडलेत माझे. पांघरूण ओढ.” त्याने ओढलं. त्याचे हात पांघरुणावरच राहिले.

दाजी पाळी संपवून आले ते नखांत निळा रंग घेऊन. जिन्यात परिचारिकेने त्यांना गवंड्याची बातमी दिली होती, आणि बारा वर्षं हिशेबी रंग मिसळणाऱ्या माणसाला पुढचं मागचं कळायला वेळ लागत नाही.

“तो तर आपल्या मागे होता,” ते म्हणाले. “मग आपल्याला का नाही आला फोन? मेव्हणे, तुम्हाला आला होता?”

खटपट्याने तोंड उघडलं. त्याच वेळी कठड्यावर ताईचा उजवा हात उचलला गेला आणि न वाजता, तळवा वर करून, बाजूला उलटा झाला.

“मला आला होता,” ताई म्हणाली. “मीच नको म्हटलं.”

“काय म्हणालीस?”

“भीती वाटली. टेबलावरच गेले तर, असं आलं मनात. तुम्हाला विचारलं असतं तर तुम्ही जायलाच लावलं असतं.”

दाजींनी स्टुलाशी ठेवलेली तिची चप्पल उचलली, आणि ती यंत्रावर असताना चपलेचं काय काम, हे ध्यानात येऊन परत ठेवली. “दोन वर्षं,” ते एवढंच म्हणाले, “दोन वर्षं मी त्या फाटकावर रोज फोन मागून बघतोय, तुमचा निरोप आला का म्हणून.” आणि बाहेर जाऊन उभे राहिले.

त्याच संध्याकाळी खटपट्याने दोन्ही फोनांचा रस्ता मोकळा केला. एक ताईपाशी ठेवला, आपण घराच्या तळमजल्यावर जाऊन उभा राहिला, शेजाऱ्याच्या फोनवरून नंबर लावला, आणि वरच्या मजल्यावर घंटी वाजलेली ऐकली. ती त्यानंतर रोज वाजायची, कारण तो रोज लावून बघायचा. पोस्टमन पुन्हा उशिरा येऊ लागले. यादीवाल्यांचा फोन काही आला नाही. पाचव्या महिन्यात ताईला ताप भरला, रक्तात जंतू गेले, आणि आठवड्याच्या आत ती गेली.

दाजींच्या घरी भिंतीवर तिचा फोटो नाही. कोणी विषय काढला की ते म्हणतात, तिलाच नको होतं. रविवारी खटपट्या त्यांच्याकडे जेवायला जातो. दोघे समोरासमोर बसतात, खटपट्या मिठाची गुळणी धरल्यासारखा. पान वाढून झालं की बोलायचं, असं तो दर रविवारी ठरवून येतो. मग त्याला कठड्यावरचा तो हात दिसतो आणि तो भात कालवायला घेतो.

तेव्हा मंडळी, उठण्याआधी एवढं करा. ताईची आठवण तिचे शिष्य काढतात. गवंड्याने नव्या घराच्या उंबऱ्याखाली तिच्या नावाची एक वीट घातली आहे. तुम्ही दाजींची आठवण ठेवा. देवापुढे हात जोडाल तेव्हा त्यांचं नाव घ्या, कारण आपल्याला नाकारून गेलेल्या बायकोबरोबर ते अजून एकटेच राहतात, आणि तिने त्यांना कधीच नाकारलं नव्हतं, हे आता तुम्हालाही ठाऊक आहे.