चादरीखालची चाकं

मी एक जुनी चाकांची खुर्ची आहे. मित्रांनो, मला बघून 'अरेरे' म्हणू नका. त्या 'अरेरे'चा मला वीट आलाय.

कारखान्यात माझे नळे वाकवले, रंग दिला आणि कर्जतच्या एका मोफत वाटपाच्या शिबिरात मला स्टेजवर उभं केलं. पाहुण्यांनी माझी मूठ धरून फोटो काढले. जिच्यासाठी मी आले, ती गंगाबाई त्या फोटोत अर्धी कापली गेली. मग टेंपोत बसून आम्ही तिच्या वस्तीवर आलो. वस्ती पळसदरीची, रेल्वेच्या रुळापलीकडची. तिथल्या खडीने माझा ब्रेक खाल्ला.

गंगाबाई म्हातारी, एक पाय लुळा. पण आईवेगळी नात, पौर्णिमा, तिनेच वाढवली. तिला एकच हौस होती: नातीचा होणारा नवरा समोर बसून बघायचा.

स्थळ आलं आणि पौर्णिमाच्या बापाची, नरेशची, अक्कल गेली. वस्तीचा पत्ता सांगायची त्याला लाज! त्याने पाहुण्यांना दहिवलीतल्या मित्राच्या फ्लॅटवर बोलावलं. म्हातारीला घरीच ठेवणार होता, पण पौर्णिमा म्हणाली, "आजी नाय, तर मीबी नाय."

म्हणून आम्हाला नेलं. नेऊन गंगाबाईला आतल्या खोलीत बसवलं.

"आये, पाहुणं जाईस्तवर खोकू नको गं."

"खोकला काय तुला इचारून येतो का रं?"

त्याने दार लोटून घेतलं. मी त्या अरुंद दारातून जाईना, म्हणून मला दाराकडे पाठ करून हॉलमध्येच ठेवलं. वर फुलाफुलांची चादर, उशी. जन्मदात्या आईला कोंडणारा हा माणूस चादरीच्या चुण्या मात्र नीट करत होता. थू!

पाहुणे आले. मुलाच्या आईचे गुडघे दुखत होते. चटई टाळून ती थेट माझ्यावर बसली. गुळगुळीत फरशी, ब्रेक नाही. मी निघाले मागे! "अगं बाई गं!" पोहे उडाले, दार उघडलं आणि चौकटीत मी अडकले.

"चाक धर गं, चाक!" आतून गंगाबाई ओरडली. "ब्रेक गेलाय तिचा!"

"ह्या कोण?" मुलाच्या आईने विचारलं.

"शेजारच्या आजी," नरेश म्हणाला. "बसायला आल्यात."

पौर्णिमाने हातातला ट्रे खाली ठेवला. "ही माझी आजी. खुर्ची तिची. फ्लॅट आमचा नाय. आमी रुळापलीकडं राहतो."

मुलाची आई गुडघे चोळू लागली. गंगाबाईने मायेने विचारलं, "तुजं गुडघं कधीपास्नं दुखतात गं?"

"छे! मला काही होत नाही," बाई म्हणाली आणि उठायला मुलाचा हात मागितला.

"पोरा," गंगाबाई म्हणाली, "उद्या हिलाबी आतल्या खोलीत ठेवशील का रं?"

मुलगा फरशीवरचे पोहे बघत राहिला. 'कळवतो' म्हणून पाहुणे गेले.

"बघितला मी मुलगा," गंगाबाई म्हणाली. "नको."

पौर्णिमाने चादर ओढून काढली, आजीला माझ्यावर बसवलं. नरेश मान खाली घालून मला ढकलायला आला. तिने त्याचा हात बाजूला केला. "ऱ्हाऊ द्या, बाबा. ही शेजारच्या आजींची खुर्ची हाय."

मित्रांनो, माझा ब्रेक दुरुस्त करा, चाकातली खडी काढा. एवढं पुरे. चादर मात्र माझ्यावर टाकू नका. लाज वाटलीच, तर ती स्वतःच्या तोंडावर ओढा.